कॅटॅटोनिया ओळखताना या चुका टाळा: आधी पेशंटला हात लावा

केस पेपरवर 'पेशंट सहकार्य करत नाही' एवढं एकच वाक्य दिसलं की मी पेपर बाजूला ठेवते आणि थेट खाटेपाशी जाते. मानसोपचार विभागात इतकी वर्षं काढल्यावर हे वाक्य वाचलं की मला काळजी वाटते. ते लिहिणाऱ्याने पेशंटला प्रश्न विचारलेले असतात, पण तपासलेलं नसतं.

कॅटॅटोनियात माणसाची हालचाल आणि बोलणं बिघडतं, समोरच्याला प्रतिसाद देणं बंद होतं. तो गप्प होतो, टक लावून बघत राहतो, घास तोंडात तसाच धरून ठेवतो. तुम्ही त्याचा हात उचलून सोडलात, तर तो हात हवेतच राहतो. मानसोपचार वॉर्डात दाखल होणाऱ्यांमध्ये हे मुळीच दुर्मिळ नाही. वेळेत ओळखलं तर बहुतेक पेशंट बरे होतात, कित्येकदा काही तासांत. ओळखलं नाही तर जीवही जातो.

चूक पहिली: 'नाटक करतेय'

मी रेसिडेंट होते तेव्हाची गोष्ट. विशीतली एक मुलगी आली होती. चार दिवस पोटात काही नाही, पाणीही जेमतेम. सोबत आई. कॅज्युअल्टीतल्या ज्युनिअरने तिच्या छातीच्या हाडावर बोटांची पेरं जोरात दाबली, तिचा चेहरा किंचित आक्रसला, आणि त्याने लिहिलं, 'दुखलेलं कळतंय, मुद्दाम करते आहे.' मी ते वाचलं आणि खरं मानलं. रात्री दोनला ती अचानक उठून धावली आणि भिंतीवर डोकं आपटायला लागली. मी हॅलोपेरिडॉलचं, म्हणजे भ्रम आणि उद्रेक शांत करणाऱ्या अँटिसायकॉटिक औषधाचं, इंजेक्शन दिलं, सकाळी पुन्हा एक दिलं. संध्याकाळपर्यंत तिला १०३ ताप, अंग लाकडासारखं कडक, चादर घामाने भिजलेली आणि स्नायूंची झीज दाखवणारं रक्तातलं सीपीके हजारांत.

आमच्या मॅडम आल्या. काही न बोलता त्यांनी तिच्या डोक्याखालची उशी काढून घेतली. डोकं गादीला टेकलं नाही. चार बोटं वर, अधांतरी, तसंच राहिलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. अख्खा दिवस मी त्या खाटेपाशी दहादा जाऊन आले होते, पण उशीला हात लावला नव्हता.

हॅलोपेरिडॉल तिथेच बंद झालं. आयसीयू, सलाईन, लोराझेपाम हे शामक औषध, आणि तिसऱ्या दिवसापासून ईसीटी, म्हणजे भूल देऊन मेंदूला दिलेला विजेचा नियंत्रित झटका. चौथ्या ईसीटीनंतर तिने पाणी मागितलं. पुढच्या आठवड्यात तिने सांगितलं की तिला सगळं ऐकू येत होतं. आपण घोट गिळला तर धाकट्या भावाला काहीतरी होईल, अशी तिची पक्की खात्री झाली होती, म्हणून ती थुंकीसुद्धा गिळत नव्हती. आम्ही जिला हट्टी म्हणत होतो, ती चार दिवस भीतीने थिजलेली होती.

माझी सवय तेव्हापासूनची. उशी काढून बघते. दोन्ही हात कोपरात वाकवते, कधी हळू, कधी जोरात, मी जोर लावेन तितकाच विरोध होतो का ते बघते. बोलता बोलता स्वतःचं डोकं खाजवते, पेशंट नक्कल करतो का पाहायला. हात पुढे करते आणि म्हणते, "माझ्याशी हात मिळवू नका." कित्येकांचा हात अर्ध्यावर येऊन अडकतो, ना पुढे ना मागे. मग आईवडिलांना आणि रात्रपाळीच्या सिस्टरना विचारते, कारण लक्षणं दिवसभरात बदलतात आणि राउंडच्या पाच मिनिटांत हमखास दडी मारतात. यासाठी १९९६ साली आलेलं बुश-फ्रान्सिस मापन आहे. एकूण २३ लक्षणं, त्यातली पहिली १४ चाळणीसाठी, दोन सापडली की थांबून नीट बघायचं. हे करायला पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. 'ओपीडीत वेळ नसतो' हे मला नव्या मुलांकडून ऐकवत नाही. त्या मुलीला आयसीयूत किती दिवस गेले, ते मी मोजलेत.

चूक दुसरी: कॅटॅटोनिया म्हणजे स्किझोफ्रेनिया

या चुकीला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. कार्ल कालबाउम या जर्मन डॉक्टरने १८७४ मध्ये कॅटॅटोनियाचं वर्णन केलं, ते स्वतंत्र आजार म्हणून. पुढे जर्मन मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिनने तो आज ज्याला आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो त्या आजाराच्या पोटात घातला आणि पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर तेच शिकले. मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेने, म्हणजे २०१३ च्या डीएसएम-५ ने, ही गाठ सोडवली: १२ पैकी ३ लक्षणं असली की कॅटॅटोनिया, मूळ आजार कुठलाही असो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्येही, त्याला आता वेगळं स्थान आहे. प्रत्यक्षात तो तीव्र नैराश्यात आणि बायपोलरमध्ये भरपूर दिसतो.

हा शब्दांचा वाद नाही. स्किझोफ्रेनिया म्हटलं की हात आपोआप हॅलोपेरिडॉलकडे जातो. कॅटॅटोनियात, त्यातही शरीरात पाणी कमी असताना, अशा औषधाने न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमचा, म्हणजे ताप चढून अंग कडक होणाऱ्या जीवघेण्या प्रतिक्रियेचा, धोका वाढतो. माझ्या पेशंटचं तेच झालं. आधी कॅटॅटोनिया उतरवा, मग अँटिसायकॉटिकचा विचार करा.

लोराझेपाम देऊन लगेच हार मानणं

"मॅडम, पेशंट आधीच हलत नाही, त्याला झोपेचं औषध कसं द्यायचं?" हा प्रश्न दरवर्षी येतो. १ ते २ मिलिग्रॅम शिरेतून द्या, पाच-दहा मिनिटं तिथेच उभे राहा आणि पुन्हा तपासा. औषधाआधीचा बुश-फ्रान्सिसचा आकडा लिहिलेला नसेल तर नंतर काय बदललं हे कळणारच नाही. पहिल्या डोसला फरक पडला नाही म्हणून 'कॅटॅटोनिया नाही' असा शेरा मारू नका, पुन्हा द्या. उपचारात दिवसाला ८ ते २४ मिलिग्रॅमपर्यंत जावं लागू शकतं. संध्याकाळी अर्धी गोळी लिहून दोन दिवसांनी 'उपयोग नाही' म्हणणं ही पळवाट झाली. हे सगळं अर्थात दवाखान्यात, श्वासावर लक्ष ठेवून. घरच्यांनी गोळ्या वाढवून बघायच्या नाहीत. आणि सुरू असलेली गोळी एकदम बंदही करायची नाही, कारण या औषधांच्या अचानक तुटण्यानेही कॅटॅटोनिया येतो.

नाव सापडलं की शोध थांबवणं

कॅटॅटोनिया हे कळल्यावर अर्धंच काम झालेलं असतं. तो का आला? तरुण पेशंट, आठवड्याभरात वागणं बदललं, त्यात फिट किंवा तोंडाच्या विचित्र हालचाली, तर मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरविरुद्ध शरीरानेच बनवलेल्या अँटिबॉडीमुळे होणारा मेंदूदाह डोक्यात आलाच पाहिजे. हा आजार २००७ मध्ये ओळखला गेला, म्हणजे त्याआधीचे असे कितीतरी पेशंट मनोरुग्ण म्हणूनच राहिले असणार. ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), मेंदूतला जंतुसंसर्ग, अंगाला झटके न येता मेंदूत चालू राहणारी फिट, हेही बघायचं. ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख, काढायला कंटाळू नका.

आणखी काही, थोडक्यात.

सतत धावणारा, निरर्थक हालचाली करणारा, एकच शब्द घोकणारा पेशंटही कॅटॅटोनियाचा असू शकतो.

ऑटिझम असलेलं मूल आधी जेवत-बोलत होतं आणि आता दारातच खिळून उभं राहतं, तर 'ऑटिझमच आहे त्याला' म्हणून सोडू नका.

खाटेवर न हलणाऱ्या माणसाच्या पायात रक्ताची गुठळी होते, ती फुप्फुसात जाते. पाणी किती गेलं, लघवी किती झाली, पोटरी सुजली का, पाठीला जखम आहे का, हे रोज बघायचं.

पेशंटच्या डोक्याशी उभं राहून त्याच्याबद्दल काहीबाही बोलू नका. ऐकू येतं त्याला.

ताप, नाडी आणि कडकपणा एकत्र वाढत असतील तर ईसीटी 'शेवटचा उपाय' म्हणून मागे ठेवायची नाही. घरचे घाबरतात, ते स्वाभाविक आहे. त्यांच्याशी बसून बोला, भूल देऊन करतात हे सांगा. पण आपणच बिचकून चार दिवस घालवणं मला मान्य नाही.

शेवटची चूक डिस्चार्जच्या दिवशी होते. कार्डावर नुसतं 'डिप्रेशन' लिहितात आणि कॅटॅटोनिया हा शब्द राहूनच जातो. मी तो मोठ्या अक्षरात लिहिते, खाली लोराझेपामचा किती डोस लागू पडला आणि कुठल्या औषधाने त्रास झाला तेही. त्या मुलीच्या आईने ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. तीन वर्षांनी मुलगी पुन्हा गप्प झाली, तेव्हा आईने कॅज्युअल्टीत पोचल्या पोचल्या ते कार्ड काढून डॉक्टरच्या हातात दिलं. या वेळी तिला पहिल्या तासात लोराझेपाम मिळालं, आणि संध्याकाळी ती उठून बसून चहा प्यायली.