लेग फेअरिंग बसवताय? आधी चाकं उचला

२०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात बीकेसीला कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान पाहिलं आणि घरी बांधलेल्या विमानांचं वेड मला तिथेच लागलं. पुढे एका आरव्ही-७ वर, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायच्या छोट्या विमानावर, हात लावायला मिळाला. साकीनाक्याच्या गाळ्यात ते उभं होतं, पंख अजून भिंतीला टेकवलेले. पायांची फेअरिंग, म्हणजे चाकांच्या दांड्यांवर चढवायची थेंबाच्या आकाराची आवरणं, बसवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा दोन दिवसांत उरकेल असं वाटलं होतं. पाच आठवडे गेले.

फेअरिंग कशासाठी, ते आधी सांगते. आरव्हीचा पाय हा गोल पोलादी दांडा. तेवढ्याच जाडीच्या थेंबाच्या आकाराला वारा जितका अडतो, त्याच्या कितीतरी पट गोल दांड्याला अडतो. पण थेंबाचं शेपूट बरोबर मागे असेल तरच हा फायदा. ते जरा वळलं की फेअरिंग सुकाणूसारखं वागतं. विमान एका अंगाला ओढत राहतं, विमान तिरकं सरकतंय का ते दाखवणारा कॉकपिटमधला बॉल मधे थांबत नाही, आणि माणूस कारण भलतीकडेच शोधत बसतो.

मी काय केलं ते सांगते. नागदेवी स्ट्रीटवरून ओळंबे आणले. नाकाखाली आणि शेपटीखाली ओळंबा सोडून लादीवर मध्यरेषा मारली. शेपूट घोडीवर ठेवून कॉकपिटच्या कडेचा लाँजरॉन, म्हणजे सांगाड्याची लांब आडवी पट्टी, लेव्हलला आणला. मग फेअरिंगच्या पुढून दोरा घेतला, दोन्ही टोकं मागे नेऊन एका बिंदूत जुळवली. पुढच्या कडेचं आणि त्या बिंदूचं मध्यरेषेपासूनचं अंतर सारखं येईपर्यंत फेअरिंग फिरवलं. वरच्या टोकाला एकदा, खालच्या टोकाला एकदा. सगळं जुळलं. वर क्लॅम्प आवळला, खाली इंटरसेक्शन फेअरिंगचं, म्हणजे सांधा झाकणाऱ्या आवरणाचं, फायबरग्लासही चढवलं.

पार्ल्याहून काका आले. आयुष्यभर विमानांच्या देखभालीत काम केलेला माणूस. दोराही न पाहता त्यांनी विचारलं, "अगं, हे मोजलंस तेव्हा चाकं कुठे होती?"

लादीवर होती.

इथे थांबा आणि हे नीट समजून घ्या, कारण विमानाच्या नकाशात याबद्दल असलेली एक ओळ मी वाचूनही समजून घेतली नव्हती. हा पाय म्हणजे स्प्रिंग आहे. वजन पडलं की खालचं टोक बाहेर पसरतं, विमान उडालं की परत आत येतं. फेअरिंग पायालाच धरलेलं, त्यामुळे तेही पायाबरोबर हलतं. म्हणजे जमिनीवर बरोबर जुळवलेलं फेअरिंग हवेत वेगळ्याच जागी असतं. आमच्या गाळ्याची लादी मोरीकडे उतरती आहे, त्यामुळे दोन्ही पायांवर वजनही सारखं नव्हतं. इंजिन माउंटला चेनपुली लावून चाकं जेमतेम दोन बोटं उचलली, लेव्हल परत लावली, दोरा परत धरला. उजवीकडचा बिंदू सात मिलिमीटर सरकला होता, डावीकडचा तीन. दोन्हीकडची खालची इंटरसेक्शन फेअरिंग कापून काढावी लागली. त्या रात्री मी लोकलमध्ये रडले.

व्हिडिओ बघून काम करू नका असं मी म्हणत नाही, पण व्हिडिओत कॅमेरा फेअरिंगवर असतो, चाकं फ्रेमच्या बाहेर राहतात. आणि ज्यांच्याकडून शिकताय ते प्रत्येक वेळी "छान झालंय" म्हणत असतील, तर दुसरं कुणीतरी शोधा. काकांनी त्या दिवशी माझ्या हातातली आरी घेतली नाही, मलाच कापायला लावलं. तेव्हा राग आला होता. आज तेच बरोबर वाटतं.

बाकीचं काम एवढं भीतिदायक नाही, खरंच. मागच्या कडेच्या बिजागरीची तार जड जात असेल तर जोर लावू नका, छिद्रांची रांग तपासा. ब्रेक लाईन आत कुठे घासत नाही ना, ते टॉर्च मारून बघा. जुलैत इपॉक्सीवर, म्हणजे फायबरग्लासच्या रेझिनवर, चिकट थर आला तर काम फुकट गेलं असं समजू नका. मुंबईच्या दमट हवेत तो येतो. पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, पूर्ण वाळू द्या, मगच सँडपेपर मारा. आधी घासलंत तर तो थर आत दाबला जातो आणि पुढचा थर धरत नाही.

दुसऱ्यांदा फायबरग्लास चढवताना मी दोरा काढला नाही. रेझिन धरेपर्यंत तो टेपने तसाच ताणलेला ठेवला, चाकं हवेत ठेवली, आणि तासातासाला खाली वाकून ओळंब्याचं टोक पेन्सिलच्या खुणेवर आहे का ते पाहत राहिले. सकाळी काका आले, गुडघे टेकून दोन्ही बाजू स्वतः मोजल्या, आणि ड्रिल माझ्या हातात दिलं.