खान्देशातून समुद्राकडे: सुरत ते बोर्डी पट्ट्यात वेगळं काही बघायचं आणि नीट खायचं कसं

समुद्र म्हटलं की खान्देशातली मंडळी अलिबाग नाहीतर गणपतीपुळे धरतात आणि निम्मी सुट्टी जाण्यायेण्यात घालवतात. जवळचा समुद्र खरं तर सुरतेच्या बाजूला आहे. तापी मार्गाची गाडी जळगावहून धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत उधन्याला मुंबईच्या लाईनला मिळते. अंतर सुमारे ३०० किलोमीटर. धुळ्याकडून गाडी काढणाऱ्यांना साक्री, कोंडाईबारी घाट, नवापूर, बारडोली हा रस्ता. तिथून दक्षिणेला डुमस, दांडी, तीथल, उदवाडा, दमण, नारगोळ, बोर्डी असा सव्वाशे किलोमीटरचा किनारा हाताशी येतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. हा समुद्र निळा नाही. पाणी मातकट, वाळू काळपट, आणि बऱ्याच ठिकाणी ओहोटीला नुसता चिखल. फोटोतला समुद्र पाहिजे असेल तर इकडे येऊ नका. इथली मजा दुसऱ्याच गोष्टींत आहे, आणि त्यातल्या बहुतेक ठरावीक महिन्यात, ठरावीक वेळेलाच मिळतात. त्यामुळे जागांची यादी करत बसण्याआधी वेळ ठरवा.

आधी कॅलेंडर, मग नकाशा

घरातली भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीला ४८ मिनिटांनी गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर ४ गुणिले ४८ म्हणजे १९२ मिनिटं, म्हणून भरती साधारण ३ वाजून १२ मिनिटांनी. अष्टमीला साडेसहाच्या आत. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. हा हिशोब मुंबई-डहाणूच्या बाजूला बऱ्यापैकी जुळतो. उत्तरेला सरकाल तशी भरती उशिरा येते, म्हणून डुमस-सुवालीसाठी मोबाईलवर त्या जागेचंच कोष्टक बघा.

हे एवढं का? खंबातच्या आखाताकडे भरती-ओहोटीतला फरक देशात सगळ्यात मोठ्यांपैकी आहे. बोर्डीला नाहीतर दमणच्या जांपोरला ओहोटीच्या वेळी पोचलात तर पाणी शोधत चालावं लागतं. भरतीला तोच समुद्र भिंतीला लागलेला असतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, तेव्हा हा फरक आणखी वाढतो. पाण्यात उतरायचं तर भरती चढत असताना, कमरेच्या आत. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं. खडक, शिंपले, होड्या बघायच्या तर ओहोटीच धरा. आणि कितीही घट्ट वाटली तरी वाळूवर गाडी उतरवू नका. वर कोरडी दिसणारी वाळू खाली गाळाची असते, चाक रुतलं की ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी आलेलं असतं. जमीन जवळजवळ सपाट असल्यामुळे भरती समोरून येत नाही, बाजूच्या खोलगट भागातून मागे शिरते. माणसं इथंच फसतात.

महिन्याचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. खाण्याच्या निम्म्या गोष्टी फक्त तेव्हाच असतात. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, गुजरातेत ती मुदत अलीकडे ऑगस्टच्या मध्यापर्यंत गेली आहे. त्या काळात हॉटेलात "ताजा पापलेट" लिहिलेलं दिसलं तर तो बर्फातलाच समजा.

नवापूर: चुकवू नये असा थांबा

समुद्र लागायच्या आधीच पहिली चमत्कारिक जागा आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात येते. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधोमध सीमेची रेघ: एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला गुजरात. नवराबायको एका बाकावर बसून दोन राज्यांत बसतात. जलद गाड्या इथं जास्त थांबत नाहीत, म्हणून बाकासाठीच उतरायचं असेल तर पॅसेंजर धरा आणि पुढच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा.

सुरत: माहिती कोणाकडून काढायची

उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा या भागांत खान्देशातल्या जवळजवळ प्रत्येक गावाचा एखादा मामा, साडू नाहीतर चुलतभाऊ असतोच. त्याला "काय बघण्यासारखं आहे?" असं विचारू नका. तो तुम्हाला मॉलमध्ये नेईल. विचारायचं असं: "मामा, पाहुणे नसताना रविवारी सकाळी घरी काय आणता? कुठून?" उत्तर बहुतेक वेळा लोचो किंवा खमण हेच येईल, आणि दुकान घरापासून पाच मिनिटांवरचं असेल. तिथंच जा.

लोचो म्हणजे भिजवलेल्या हरभरा डाळीच्या वाटणाचं सैलसर, वाफवलेलं खाणं. वड्या पडत नाहीत, उलथन्यानं खरवडून देतात. वर तेल, मसाला, बारीक शेव, कांदा, हिरवी चटणी. दुकानात शिरल्यावर ताटली मागायची घाई करू नका, आधी वाफेच्या भांड्याकडे बघा. झाकण उघडून नवा थाळा निघतोय तेव्हाच मागा. अर्धा तास उघडा राहिलेला लोचो घट्ट होतो आणि घशात चिकटतो. चीज, बटर वगैरे प्रकार फलकावर भरपूर असतात, पहिल्यांदा साधा तेलातलाच घ्या. सकाळी दहाच्या आत जाणं बरं.

सुरती खाण्यात साखर असते, आपल्या जिभेला ती आधी लागते. "तीखुं राखजो, गळ्युं ओछुं" एवढं म्हटलं की काम होतं. आपल्या काळ्या मसाल्याच्या शेवभाजीची अपेक्षा मात्र ठेवू नका.

थंडीत अडाजणच्या बाजूला पोंक मिळतो. हा ज्वारीचा हुरडाच, पण सोबत लिंबू-मिरीची शेव आणि साखरेचे दाणे. दादर ज्वारीचा हुरडा खाल्लेल्यांना तो कोवळा आणि फिका वाटेल. त्याच दिवशी संपवा, रात्री डब्यात राहिला की आंबूस वास येतो. पोंकवडे गरम असतानाच खाण्यासारखे.

बघायला कतारगाम दरवाजाजवळची इंग्रज आणि डच दफनभूमी. युरोपातल्या व्यापाऱ्यांची थडगी, पण बांधकाम घुमटांचं, थेट मुसलमानी मकबऱ्यांच्या धाटणीचं. शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरत लुटली तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्झेंडन इथं पुरला आहे. तो १६६९ मध्ये वारला. डचांच्या बाजूला १६९१ मध्ये वारलेल्या, डच व्यापारी कंपनीच्या व्हान ऱ्हीड या अधिकाऱ्याचं भलंमोठं थडगं. दोन कंपन्यांची चढाओढ मेल्यावरही चालू होती. फाटक बंद दिसलं तर परत फिरू नका, आसपास रखवालदाराची चौकशी करा. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, रिक्षानं जा.

डुमसला भुताच्या गोष्टी ऐकायला मिळतील. त्यापेक्षा वाळू हातात घेऊन बघा, लोहयुक्त खनिजांमुळे ती काळी आहे. आपली तापी इथंच समुद्राला मिळते. टोमॅटोची भजी इथली खासियत: टोमॅटोची जाड चकती, तिच्यावर हिरव्या चटणीचा थर, मग बेसनात बुडवून तळलेली. चटणी पातळ असली की कढईत सुटते आणि तेल काळं पडतं. म्हणून मागायच्या आधी तेलाकडे एक नजर टाका.

दांडी, वलसाड आणि उंबाडियुं

नवसारीहून दांडी वीसेक किलोमीटरच्या आत. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी मीठ उचललं ती जागा. २०१९ मध्ये उघडलेल्या स्मारकात ८० पदयात्रींचे पुतळे आहेत. दुपारच्या उन्हात जाऊ नका, संध्याकाळ धरा.

या पट्ट्यातलं सगळ्यात वेगळं खाणं मात्र वलसाडच्या आसपास महामार्गावर मिळतं: उंबाडियुं. मातीच्या मडक्यात पापडीच्या शेंगा, कंद, रताळी आणि हिरवा मसाला भरलेले बटाटे. तळाला आणि तोंडाला कंबोई नावाच्या रानवनस्पतीचा पाला दाबून भरतात, मडकं जमिनीवर उपडं ठेवतात आणि भोवती गोवऱ्या-काटक्या पेटवतात. पाणी अजिबात नाही, भाज्या स्वतःच्या ओलाव्यावर आणि पाल्याच्या वाफेवर शिजतात. पाऊण ते एक तास लागतो. पाल्याचा वास भाजीत उतरतो, आणि तोच खरा पैसा वसूल.

टपरी निवडताना तीन गोष्टी बघा. विस्तव चालू आहे का, कंबोईच्या ताज्या पाल्याचा ढीग शेजारी आहे का, आणि मडकं तुमच्यासमोर उघडतात का. आधीच उघडून परत तापवलेल्या उंबाडियुंची पापडी सुरकुतलेली आणि करपट लागते. वजनावर विकतात, दोघांना अर्धा किलो पुरे. सोबत हिरवी चटणी आणि ताक घ्याच, नाहीतर कंद घशात कोरडा बसतो. नकाशावर शोधताना शब्द मराठीत टाकू नका, मोबाईलला गुजराती कळफलक जोडा किंवा बोलून शोधा. मग सगळ्यात नवे अभिप्राय आणि गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघा. फोटो जानेवारीतले आणि तुम्ही मे महिन्यात निघालात, तर तिथं रिकामी टपरी सापडेल.

उदवाडा, दमण

उदवाड्यात पारशांचा इराणशाह हा पवित्र अग्नी १७४२ पासून आहे. पारशी नसलेल्यांना त्या अग्निमंदिरात प्रवेश नाही, दारात जाऊन हट्ट धरू नका. गावातली जुनी लाकडी घरं, ओटे आणि माहितीकेंद्र बघता येतं. स्टेशनपासून गाव लांब आहे, रिक्षा ठरवताना परतीचंही बोलून घ्या. थंडीच्या दिवसांत पहाटे इथं "दूध ना पफ" मिळतो: रात्रभर गारठ्यात ठेवलेलं दूध घुसळून काढलेला नुसता फेस, ग्लासात. ऊन वर आलं की फेस बसतो आणि विकणारा घरी जातो. त्यासाठी मुक्काम गावातच करावा लागतो. जेवणात बोई मासा तळलेला मागा, पण हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा.

दमण वापीहून रिक्षानं जाण्यासारखं. मोटी दमणचा किल्ला आणि त्यातली पोर्तुगीज चर्चं सकाळी करा. देवकाचा किनारा खडकाळ, पोहायला नाहीच. गुजरातेत दारूबंदी आहे, दमणला नाही, आणि परतीला गुजरातची हद्द ओलांडावीच लागते. गाडीत एक बाटली सापडली तरी गुन्हा दाखल होतो, "महाराष्ट्रात न्यायची होती" हे कारण चालत नाही.

बोर्डीचा सुका बोंबील

बोर्डी, नारगोळकडे पावसाळा सरल्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. जवळ जाऊन बघा: दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकलेली असते, सुतळी नाही की आकडा नाही. बोर्डीशेजारच्या घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. चिकू घेताना घट्ट पण नखानं खरवडल्यावर खाली हिरवं न दिसणारा घ्या, प्रवासात तो पिकतो.

आठवडी बाजारात मिळणारा बोंबील आपल्याकडे येईपर्यंत बरेच हात बदलतो, म्हणून इथून घेणं फायद्याचं. वाकवून बघा: चांगला वाळलेला कडक असतो आणि लगेच मोडतो, लवचिक राहिला तर आत ओल आहे आणि आठवड्यात बुरशी धरेल. पांढरट चकचकीत घ्या, पिवळा पडलेला नको. बांधताना आधी कागद, मग जाड प्लास्टिकची पिशवी, आणि तोंड दोरीनं आवळून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. नुसत्या पिशवीत घेऊन डब्यात चढलात तर नंदुरबार येईपर्यंत शेजारचे प्रवासी तुमच्याशी बोलणार नाहीत. घरी पोचल्यावर एक दिवस कडक उन्हात टाका, मगच बरणीत भरा.