दरमहा येणारा पानांचा चहा: चाखावा कसा, अभिप्राय लिहावा कसा

सबस्क्रिप्शन बॉक्स हाती आल्यावर पाकिटांबरोबरचे माहितीपत्रक आधी बाजूला ठेवावे. ‘जर्दाळू, मध, रानफुले’ असे एकदा वाचले की नाक तेच शोधू लागते आणि मग लिहिलेला अभिप्राय विक्रेत्याचाच मजकूर होऊन बसतो. चहाचा प्रकार, बाग, खुडणीचा हंगाम आणि पॅकिंगची तारीख एवढेच वहीत टिपून घ्यावे. तारीख छापलेली नसेल तर तेही अभिप्रायात लिहावे, कारण ग्रीन टी काळ्या चहापेक्षा लवकर शिळा होतो आणि दोष बागेचा की साठवणुकीचा, हे वाचणाऱ्याला त्याशिवाय ठरवता येत नाही.

आपल्या घरांत जो चहा उकळतो तो बहुधा सीटीसी, म्हणजे यंत्रात चुरडून, फाडून, वळवून केलेली दाणेदार पूड. ही पद्धत १९३०च्या दशकात आसामात निघाली. दूध, साखर आणि आले यांना पुरून उरेल असा रंग आणि कडकपणा ही पूड झटपट देते. अख्ख्या पानाच्या चहाकडून तीच अपेक्षा ठेवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. तो पहिल्यांदा कोराच प्यावा आणि उकळू नये. गरम पाण्यात झाकून मुरू द्यावा.

चमच्याच्या मापावर विसंबू नये. नुसत्या कळ्यांचा पांढरा चहा कापसासारखा हलका असतो, तर गोळीसारखा वळलेला ऊलाँग, म्हणजे ग्रीन टी आणि काळा चहा यांच्या मधला प्रकार, जड असतो. दोन्हींचा एकेक चमचा घेतला तर वजनात मोठा फरक पडतो. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा या कामी फार उपयोगी पडतो. चहा चाखण्यासाठी आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पान आणि ६ मिनिटे असे प्रमाण सांगितले आहे. त्याचा हेतू चविष्ट कप करण्याचा नाही. निरनिराळ्या चहांची तुलना एकाच मापाने व्हावी, एवढाच आहे. घरी १५० मिलिलिटर पाण्याला ३ ग्रॅम हेच प्रमाण कायम ठेवावे. काळ्या चहाला ९५ अंशांच्या पुढचे पाणी आणि ३ ते ४ मिनिटे, ऊलाँगला ९० अंशांच्या आसपास, ग्रीन टीला ७५ ते ८० अंश आणि २ मिनिटे, असा आरंभ करता येतो. पाणीही दर वेळी एकच वापरावे. बोअरच्या जड पाण्यात चहावर तवंग धरतो आणि सुगंध दबतो.

तापमान आणि वेळ अभिप्रायात लिहावी, असा माझा आग्रह एका चुकीतून आला आहे. एका ग्रीन टीवर मी उकळते पाणी ओतले, पाच मिनिटे तसेच ठेवले आणि ‘कडू, उग्र, न घेण्याजोगा’ असे लिहून पाठवले. महिन्याभराने त्याच पाकिटातले उरलेले पान ७५ अंशांच्या पाण्यात दोनच मिनिटे ठेवले, तेव्हा सोललेल्या हिरव्या मटारासारखा गोडसर वास आला आणि घोट घशाखाली सहज उतरला. पहिला अभिप्राय मला मागे घ्यावा लागला.

चाखण्यापूर्वी तासभर तरी पान, सुपारी, बडीशेप किंवा तिखट खाऊ नये आणि खोलीत उदबत्ती लावलेली नसावी. एका बैठकीत तीनच चहा घ्यावेत. चौथ्यापर्यंत जीभ थकते. रिकाम्या पोटी मात्र बसू नये.

कोरडे पान पांढऱ्या बशीत पसरून पाहावे: काड्या किती, चुरा किती, टोकाच्या सोनेरी किंवा रुपेरी कळ्या किती. मग गरम पाण्याने विसळलेल्या कोमट भांड्यात ते टाकून झाकण लावावे आणि अर्ध्या मिनिटाने वास घ्यावा. उबेने पान बोलू लागते. चहा गाळल्यावर भिजलेले पानही फेकू नये. बोटांनी हळुवार उलगडले तर चांगल्या खुडणीत दोन पाने आणि एक कळी देठासकट दिसते.

दार्जिलिंगच्या पहिल्या खुडणीचे पान, म्हणजे मार्च-एप्रिलमधला फर्स्ट फ्लश, काळ्या चहात मोडत असूनही हिरवट दिसते आणि त्याचा अर्क फिकट सोनेरी उतरतो. पान आधी इतके सुकवलेले असते की पुढचे ऑक्सिडीकरण, म्हणजे हवेशी संयोग होऊन पान काळवंडणे, अर्ध्यावर थांबते. त्याला ‘फिका’ म्हणून कमी लेखणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. मे-जूनमधल्या दुसऱ्या खुडणीला ‘मस्कटेल’ नावाचा, मस्कट द्राक्षांची आठवण देणारा जो सुगंध येतो, त्यामागे तुडतुडे आणि फुलकिडे असतात. भातावर आणि कपाशीवर ज्यांचे नाव काढताच आपला शेतकरी धास्तावतो, त्यांच्याच जातकुळीतले किडे इथे पानातला रस शोषतात आणि त्याला प्रतिकार म्हणून झाड सुगंधी द्रव्ये तयार करते.

घोट घेताना संकोच न करता जोरात भुरका मारावा. हवेबरोबर सुगंध घशामागून नाकात चढतो आणि चवीचा बराचसा भाग तिथेच कळतो. चटका बसणाऱ्या चहात बारकावे लागत नाहीत, म्हणून बशीत ओतून पिण्याची आपली जुनी सवय इथे उपयोगाची आहे. पूर्ण निवल्यावर पुन्हा एक घोट घ्यावा. दमदार आसाम निवताना गढूळ दिसू लागला तर तो दोष समजू नये. त्यातली थिआफ्लेविन (काळ्या चहातली रंगद्रव्ये) आणि कॅफीन एकमेकांना धरतात, म्हणून तसे होते.

शब्दांच्या बाबतीत मराठी माणसाने उसनवारी करण्याचे कारण नाही. तुरट आणि कडू यांतला भेद आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतो. जांभूळ किंवा सुपारीचे खांड खाल्ल्यावर जीभ आवळते, ते तुरट. कारल्याचे ते कडू. काळ्या चहात थोडा तुरटपणा हवाच, त्याने चहाला धार येते. कडवटपणा मात्र बहुधा जास्त वेळ मुरल्याचा असतो. आसामला मला काकवीचा वास येतो, भाजलेल्या ऊलाँगला शेंगदाण्याच्या खरपूस टरफलांचा. मस्कट द्राक्ष कधी हुंगलेच नसेल तर ‘मस्कटेल’ लिहू नये. अशाच एका पाकिटावर मी लिहिले होते: ‘दार्जिलिंग, दुसरी खुडणी. ३ ग्रॅम, १५० मिलिलिटर, ९५ अंश, ३ मिनिटे. अर्क तांबूस. वास भिजवलेल्या बेदाण्यांच्या पाण्यासारखा, निवल्यावर मधाकडे झुकणारा. तुरटपणा जिभेच्या कडांवर, लवकर ओसरणारा. दुसऱ्या पाण्याला वास अर्धा उरला. दुधाने सगळे झाकले जाते.’ नुसते ‘छान’ किंवा साडेतीन तारे यांतून हे काहीच कळले नसते.

तुलना नेहमी एकाच प्रकारातल्या चहांची करावी आणि किंमत कपामागे काढावी. १५ ग्रॅमचे पाकीट काळ्या चहाचे पाच कप देते; चांगल्या ऊलाँगचे तेच पान तीन-चार वेळा पाणी घेते, म्हणून महाग वाटणारे पाकीट प्रत्यक्षात स्वस्त पडू शकते. उघडलेले पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवावे. हिंगाचा वास पान एका रात्रीत शोषून घेते आणि पावसाळ्यातली दमट हवा उरलेला सुगंध घालवते. शेवटच्या कपापुरते ३ ग्रॅम पान दोन आठवडे राखून ठेवावे आणि जुने टिपण न उघडता पुन्हा चाखून नव्याने लिहावे. दोन्ही टिपणे जुळली तर अभिप्राय पाठवावा; जुळली नाहीत तर दोन्ही, आपापल्या तारखांसह, पाठवावीत.