केळीच्या पानावर निंबोळी तेल टिकवायचे असेल तर

कांदेबागेतल्या, म्हणजे पावसाळा सरता सरता लावलेल्या, केळीचे एखादे मधले पान उलटे करून त्याच्या मागच्या बाजूवर बोट फिरवले, की बोटाला पांढुरकी भुकटी लागते. ती भुकटी मेणाची असते, आणि निंबोळी तेलाची फवारणी वाया जाण्याचे निम्मे कारण तिच्यात दडलेले असते. उरलेले निम्मे कारण बोअरच्या पाण्यात असते. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात फवारणीचा विषय निघाला, की बोलणे औषधाच्या नावावर आणि लिटरमागच्या मिलिलिटरवर येऊन थांबते; पाणी कोणते आणि पान कसे, हे क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक तेल पाण्यात बारीक थेंबांच्या रूपाने मिसळलेले ठेवणे आणि ते मिश्रण मेणचट पानावर बसवणे, ही दोन्ही कामे कलिल आणि आंतरपृष्ठ विज्ञानाच्या, म्हणजे एका पदार्थात विखुरलेल्या दुसऱ्याच्या बारीक कणांच्या आणि दोन पदार्थ टेकतात त्या सीमेच्या अभ्यासाच्या, पोटात येतात. पुढे दिलेल्या तपासणीसाठी काचेच्या चार पारदर्शक बाटल्या, इन्सुलिनची सिरिंज, मोबाइल आणि सकाळचा तासभर वेळ एवढेच लागते.

आरंभ पाण्यापासून करावा. बोअरचे, विहिरीचे, पाटाचे आणि साठवलेले पावसाचे, असे जे पाणी उपलब्ध असेल ते प्रत्येकी अर्धा लिटर एकेका बाटलीत घ्यावे आणि प्रत्येकात एक ग्रॅम साबणाचा कीस आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवून टाकावा. साबण तेल आणि कॉस्टिकपासून केलेला, जुन्या पद्धतीच्या धुण्याच्या वडीचा असावा. डिटर्जंट पावडर या चाचणीला चालत नाही. बाटली वीस वेळा हलवून पाच मिनिटे स्थिर ठेवावी. पावसाच्या पाण्यावर दाट फेस उभा राहील. कठीण पाण्यावर फेस जवळपास नसेल आणि पाण्यात दह्याच्या चोथ्यासारखे पांढरे कण तरंगताना दिसतील. पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने साबण पकडून न विरघळणारा चोथा केला, एवढाच त्याचा अर्थ.

हे नुकसान किती मोठे आहे, याचा हिशेब केला तर आश्चर्य वाटते. कॅल्शियमचा एक आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, साबणाचे दोन रेणू अडकवतो. पाण्याचा कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल, तर ते पाणी लिटरमागे सुमारे १.८ ग्रॅम शुद्ध साबण गिळून टाकते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, म्हणजे ३०० हा आकडा काही जगावेगळा नव्हे. पाच टक्के निंबोळी अर्काच्या रूढ कृतीत १०० लिटरला २०० ग्रॅम साबण सांगितलेला असतो, म्हणजे लिटरला २ ग्रॅम. तेव्हा अशा पाण्यात तेल धरून ठेवण्यासाठी जवळपास काहीच शिल्लक राहत नाही. कृती चुकीची नाही. तिने गृहीत धरलेले पाणी वेगळे आहे. मागे आमच्या पिलबागेत, म्हणजे जुन्या खोडाच्या पिलांवर धरलेल्या बागेत, मी हाच घोळ घातला होता. पंपाच्या जाळीवर पांढरट लगदा साचून नोझल तीनदा बंद पडले, आणि मी मात्र दिवसभर दुकानदाराच्या तेलाला नावे ठेवत बसलो.

म्हणून चाचणीत पाणी कठीण निघाले तर दोन मार्ग उरतात. पहिला म्हणजे पावसाचे किंवा मृदू केलेले पाणी वापरणे. एक पंप भरण्यापुरते पाणी पत्र्यावरून पिंपात साठवणे अवघड नसते. दुसरा म्हणजे साबणाऐवजी विद्युतभार नसलेले, म्हणजे नॉन-आयनिक, इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळलेले ठेवणारा पदार्थ) घेणे, कारण त्याचे रेणू कॅल्शियमच्या जाळ्यात सापडत नाहीत. बाजारातल्या तयार निंबोळी औषधांत इमल्सिफायर आधीच घातलेला असतो. त्यांच्यासाठी डब्यावरचे प्रमाणच पाळावे आणि बाटलीची चाचणी तेवढी करावी. कठीण पाण्यात साबण दुप्पट टाकणे हा तिसरा मार्ग म्हणून सांगितला जातो, पण त्याने झालेला चोथा कमी होत नाही, तो जाळीत अडकतोच.

आता मिश्रण. पंधरा लिटरच्या पंपाला लिटरमागे ५ मिलिलिटर या हिशेबाने ७५ मिलिलिटर निंबोळी तेल लागते. हिवाळ्यात तेल दाटलेले असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवून ते पातळ करावे. उकळत्या पाण्यात ठेवू नये. तीस ग्रॅम साबणाचा कीस अर्धा लिटर कोमट मृदू पाण्यात पूर्ण विरघळवावा. इथे बहुतेकांचा क्रम चुकतो: पंप पाण्याने भरतात, तेल ओततात, वर साबण टाकतात आणि काठीने ढवळतात. पिठले करताना बेसन आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवतात आणि मगच पातळ करतात, तोच क्रम इथे पाळायचा आहे. लहान बादलीत तेल घ्यावे, त्यात साबणाचे पाणी चमच्या-चमच्याने घालत रवीने घुसळावे. मिश्रण आधी साजूक तुपासारखे दाट होते आणि हात जड पडतो. घाई इथेच नडते. घुसळणे चालू ठेवून साबणाचे पाणी घालत राहिले, की एका क्षणी ते एकाएकी सैल आणि दुधासारखे पांढरे होते. तोपर्यंत पाण्याचे थेंब तेलात अडकलेले होते. त्या क्षणी उलट होऊन तेलाचे थेंब पाण्यात आले. यापुढे कितीही पाणी घातले तरी ते सहज मिसळते.

थेंब किती बारीक झाले, हे कळण्यासाठी या मिश्रणाचे दहा-बारा थेंब ग्लासभर पाण्यात टाकून अंधारात मागून मोबाइलचा दिवा लावावा. बाजूने निळसर झाक आणि समोरून तांबूस उजेड दिसला, तर त्यात प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान थेंब भरपूर आहेत. नुसते पांढरे दिसले तर थेंब मोठे आहेत, जे हाताने घुसळलेल्या मिश्रणात नेहमीचेच. थेंबाच्या आकाराला एवढे महत्त्व का, ते स्टोक्सच्या नियमावरून कळते. तेल पाण्याहून हलके असल्याने थेंब वर चढतात आणि त्यांचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब तासाला साधारण दीड सेंटीमीटर चढतो, तर एक मायक्रॉनचा तासाला दीड दशांश मिलिमीटरच. पंप रिकामा व्हायला अर्धा तास लागत असेल, तर दहा मायक्रॉनपर्यंत चालून जाते. शंभर मायक्रॉनचे थेंब मात्र काही मिनिटांत वर येतात, आणि मग पहिल्या ओळीतल्या झाडांना पाणी आणि शेवटच्या ओळीतल्या झाडांना नुसते तेल, असा प्रकार होतो. पाने करपतात ती बहुधा त्या शेवटच्या ओळीत.

तयार मिश्रण चारही पाण्यांत ठरलेल्या प्रमाणात घालून बाटल्या तासभर हलवू नयेत. वर पिवळसर तेलाचा तवंग दिसला, तर ते पाणी बाद. दुधावर सायीसारखा पांढरा थर आला आणि बाटली एकदा उलटी केल्यावर तो परत मिसळला, तर पाणी चालेल, पण पंप मधूनमधून हलवावा लागेल. याच वेळी झिंक सल्फेट किंवा दुसरे औषध एकत्र मारायचा विचार असेल, तर तेही एका बाटलीत घालून पाहावे. साबणाने वेढलेल्या तेलाच्या थेंबांवर ऋण भार असतो आणि त्या भारामुळेच ते एकमेकांना दूर ठेवतात. दोन धन भार असलेले आयन तो भार एक भार असलेल्यांच्या कितीतरी पटींनी प्रभावीपणे झाकतात. शुल्झ आणि हार्डी यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम तो हाच. झिंक पडताच बाटलीतले मिश्रण फाटते, दूध नासावे तसे. गंधक आणि तेल तर एका पंपात कधीच घेऊ नये, दोन फवारण्यांत दोन-तीन आठवड्यांचे अंतरही ठेवावे.

मिश्रण जमले तरी ते पानावर बसेलच असे नाही. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोळा करून ठेवणारी पृष्ठभागाची ओढ, मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. साबणाने तो तिशीच्या आसपास येतो आणि सिलिकॉन स्टिकरने, म्हणजे फवारणी पानावर पसरावी म्हणून घालतात त्या पदार्थाने, वीस-बावीसपर्यंत. थेंब घन पृष्ठभागावर किती टेकतो हे स्पर्शकोनावरून, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते त्या कोनावरून, ठरते, आणि त्याचा मूळ विचार थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये मांडला. शेतात हा कोन मोजायला कोनमापकही लागत नाही. पानाचा ताजा तुकडा, मागची बाजू वर करून, पाटावर सपाट चिकटवावा. १०० युनिटच्या सिरिंजने एक युनिट, म्हणजे १० मायक्रोलिटरचा, थेंब त्यावर अलगद सोडावा. मोबाइल पानाच्या पातळीत ठेवून बाजूने फोटो घ्यावा, आणि थेंब पानाला जिथे टेकला आहे तेवढी रुंदी व थेंबाची उंची पट्टीने फोटोवरच मोजावी. उंची टेकलेल्या रुंदीच्या निम्मी असेल तर कोन ९० अंशांचा. त्याहून जास्त असेल तर थेंब गोळी होऊन घरंगळणार. उंची रुंदीच्या चौथ्या हिश्श्यावर आली, की कोन साधारण ५३ अंशांवर येतो. मोठ्या थेंबाच्या माथ्याला थोडा सपाटपणा येतो, त्यामुळे हे माप ढोबळ आहे, पण दोन मिश्रणांची तुलना करायला पुरेसे आहे. थेंब टाकताच पाहावे आणि मिनिटभराने पुन्हा पाहावे.

साध्या पाण्याचा, मग लिटरला अर्धा, एक, दोन आणि तीन ग्रॅम साबणाचा, असे पाच थेंब एकाच तुकड्यावर ओळीने ठेवले, तर एक गोष्ट उघडच दिसते: एका मर्यादेपर्यंत थेंब पसरत जातो आणि पुढे साबण वाढवला तरी फरक पडत नाही. त्या मर्यादेपुढचे रेणू पृष्ठभागावर जागा न मिळाल्याने पाण्यातच पुंजके करून राहतात. स्टिकरचे एक झाकण सांगितले असताना दोन टाकण्याची आपल्याकडची सवय इथे उघडी पडते. फार पसरलेला थर पानाच्या टोकावरून ओघळून दांड्यात आणि जमिनीवर जातो. सिलिकॉन स्टिकर फार आम्ल किंवा अल्कधर्मी पाण्यात विघटित होतो, म्हणून तो घातलेले मिश्रण रात्रभर ठेवून सकाळी मारू नये.

अलगद ठेवलेला थेंब आणि नोझलमधून सुटून आदळलेला थेंब यांत मात्र मोठा फरक आहे, आणि अलीकडचे संशोधन बरेचसे याच फरकाभोवती फिरते. आदळलेला थेंब काही मिलिसेकंदांत चपटा होतो, आकसतो आणि मेणावरून उसळतो. नव्याने ताणलेल्या पृष्ठभागावर साबणाचे रेणू पोहोचण्याआधीच हे सारे घडून जाते. २००० मध्ये बर्जेरॉन, बॉन आणि सहकाऱ्यांनी नेचर या नियतकालिकात दाखवले, की पाण्यात लवचीक पॉलिमरची (लांब साखळीसारख्या रेणूंची) अत्यल्प मात्रा असली तरी थेंबाचे आकसणे मंदावते आणि उसळी थांबते. २०१६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधक कृपा वाराणसी यांच्या गटाने दोन फवाऱ्यांतून विरुद्ध भाराचे दोन पॉलिमर एकाच वेळी मारून पाहिले. पानावर दोन्ही एकत्र येताच सूक्ष्म चिकट ठिपके तयार होतात आणि पुढचे थेंब त्यांना धरून बसतात. घरी करण्याजोगे हे नाही. तिथून घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की थेंब फार जाड असता कामा नये आणि वेगही बेताचा हवा. नोझल पानाच्या खालून, हातभर अंतरावरून, बारीक फवाऱ्यावर धरावे. मावा आणि फुलकिडे पानाच्या मागे आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या न उलगडलेल्या पानात, बसतात, त्यामुळे वरून मारलेली फवारणी त्यांच्यापर्यंत फारशी पोहोचतच नाही.

आज प्रयोगशाळांत साबणाऐवजी घन कणांनी स्थिर केलेल्या इमल्शनवर (तेल-पाण्याच्या अशा दुधी मिश्रणावर), म्हणजे पिकरिंग इमल्शनवर, पुष्कळ काम चालू आहे. माती, सिलिका आणि सेल्युलोजचे सूक्ष्म कण तेलाच्या थेंबाभोवती कवच करून बसतात. नाव आधुनिक वाटते, पण स्पेन्सर पिकरिंग यांनी १९०७ मध्ये हा विषय मांडला तो फळबागेवर फवारायच्या पॅराफिन तेलासाठीच, आणि त्यांचे कण मोरचूद व चुन्यापासून मिळणाऱ्या साक्याचे होते. म्हणजे बोर्डो या मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणाच्या भांड्यातलाच प्रकार.

वेळेबाबत दोन गोष्टी पाळाव्यात. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन हा कीड रोखणारा घटक उन्हात आणि अल्कधर्मी पाण्यात लवकर नष्ट होतो, आणि साबणाचे पाणी अल्कधर्मीच असते; म्हणून मिश्रण केल्यावर ते लगेच, ऊन उतरल्यावर मारावे. ते आम्ल करण्यासाठी लिंबू किंवा सायट्रिक आम्ल घालू नये, कारण त्याने साबणच फुटतो. खानदेशातल्या चैत्र-वैशाखात ऊन ४० अंशांच्या पुढे असते, त्या दिवसांत तेल मारणे शक्यतो टाळावे. मारायचेच असेल तर आधी दोन-तीन झाडांवर मारून दोन दिवस पाने पाहावीत. हातमोजे आणि तोंडावर रुमाल असू द्यावा, आणि वारा जिकडून येतो तिकडे पाठ करून फवारावे.

काम झाल्यावर पंप आणि नोझल पावसाच्या कोमट पाण्याने दोनदा धुवावे. बोअरच्या पाण्याने धुतले, तर आत राहिलेल्या साबणाचा चोथा होऊन तो पुढच्या वेळी पुन्हा जाळीत येतो.