गाडीची तपासणी : मालकाने स्वतः काय पाहावे आणि तपासणी केंद्रात काय पाहिले जाते

गाडी एकाएकी बंद पडली किंवा ब्रेक एकाएकी लागेनासे झाले, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु बहुतेक बिघाडांच्या मागे कित्येक महिन्यांची झीज असते. ब्रेकचे पॅड रोज थोडे झिजतात, रबरी नळ्या हळूहळू कडक होतात, टायरमधली हवा महिन्यागणिक थोडी कमी होते. म्हणून तपासणी करताना 'मागच्या वेळेपेक्षा काय बदलले' हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. ठरावीक मुदतीने जी सक्तीची सुरक्षा तपासणी होते, तिच्यात निरीक्षक आपली गाडी एका दिवशी आणि तीही थोडाच वेळ पाहतो. गाडीत होत गेलेला बदल त्याला दिसणे शक्य नसते. तो मालकालाच दिसू शकतो, आणि त्यासाठी नोंद ठेवलेली असावी लागते.

त्यामुळे हत्यारांच्या पेटीआधी एक लहान वही घ्यावी व ती गाडीतच ठेवावी. तिच्यात तारीख, किलोमीटरचा आकडा, चारही टायरांची हवा, इंजिन ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि ब्रेक ऑइल यांची पातळी, तसेच काही ओतले असेल तर ते किती, एवढेच लिहायचे असते. माझ्या एका जुन्या गाडीत ब्रेक ऑइलची पातळी पहिल्या महिन्यात वरच्या रेषेवर होती, दुसऱ्या महिन्यात ती नखभर खाली आली आणि तिसऱ्या महिन्यात आणखी तेवढीच. ब्रेक दाबताना पायाला काहीही वेगळे जाणवत नव्हते आणि पातळी तर दोन्ही रेषांच्या मध्येच होती. नुसती त्या दिवसाची स्थिती पाहिली असती, तर सारे ठीक आहे असेच वाटले असते. पॅड नुकतेच बदललेले असल्यामुळे त्यांच्या झिजेने पातळी उतरण्याचे कारण नव्हते. मागची चाके उतरवून ड्रम काढल्यावर दिसले, की ब्रेकच्या एका सिलिंडरच्या रबरी टोपीखालून ऑइल झिरपत होते आणि आत साचलेल्या ब्रेकच्या धुळीचा त्यात भिजून काळा चिखल झाला होता. तीन ओळींच्या नोंदीमुळे हे वेळेत समजले, म्हणूनच वहीचा आग्रह मी इतका धरतो.

टायर

टायर दर पंधरा दिवसांनी आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी पाहावेत. रस्त्याला टेकलेला गाडीचा भाग म्हणजे चार टायरांचे तळहाताएवढे चार पट्टे, आणि ब्रेक, स्टिअरिंग व वळणावरची पकड या सर्वांचे काम शेवटी त्यांच्याच भरवशावर चालते. हवा नेहमी टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यानंतर मोजावी. योग्य दाबाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेला असतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो आणि तो पाहून हवा भरणे ही फार सर्रास होणारी चूक आहे. बाहेरचे तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले, तर दाब सुमारे दीड पीएसआयने कमी होतो, म्हणून हवामान बदलताना मोजणी हमखास करावी. गाडी चालवून टायर तापलेला असताना दाब वाढलेला दिसतो. तो जास्त वाटला म्हणून हवा सोडू नये, कारण टायर थंड झाल्यावर ती कमी पडते. स्टेपनीची हवाही याच वेळी मोजावी. ती विसरली जाते आणि नेमकी अडचणीच्या वेळी ती बसलेली सापडते.

टायरची नक्षी मोजण्याचे साधन टायरमध्येच दिलेले असते. मुख्य खाचांच्या तळाशी आडवे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की १.६ मिलिमीटर उरली असे समजावे, आणि अनेक देशांत कायद्याची किमान मर्यादाही तीच आहे. माझ्या मते मात्र त्या मर्यादेपर्यंत थांबू नये. ओल्या रस्त्यावर टायरखालचे पाणी खाचांतून बाहेर जावे लागते. खाचा उथळ झाल्या की वेगात टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही हातचे जातात. ३ मिलिमीटर उरल्यावर टायर बदलण्याची तयारी ठेवणे शहाणपणाचे आहे. मोजताना झीज कशी झाली आहे हेही पाहावे. दोन्ही कडा जास्त झिजल्या असतील तर हवा कमी राहते, मधला भाग झिजला असेल तर ती जास्त भरली जाते, एकच कड झिजली असेल तर चाकांचे अलाइनमेंट, म्हणजे त्यांचा कोन व दिशा, बिघडलेले आहे, आणि नक्षीवर ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग तपासून घ्यावे. कारण दूर न करता नुसता नवा टायर बसवला, तर तोही तसाच झिजतो.

टायरच्या बाजूवर फुगवटा दिसला तर आतले धागे तुटलेले असतात. अशा टायरची दुरुस्ती होत नाही. तो बदलावाच लागतो. टायरचे वय त्याच्या बाजूवरील चार अंकी आकड्यावरून कळते : २३१९ असा आकडा असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. हा आकडा कधी कधी आतल्या बाजूला असतो, तेव्हा चाक वळवून पाहावे. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी टायर वापरू नये, असा सल्ला अनेक टायर उत्पादक देतात, कारण रबर वापराविनाही कडक होत जाते.

बॉनेटखाली, महिन्यातून एकदा

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे आणि वरचे ऑइल खाली उतरायला काही मिनिटे द्यावीत. डिपस्टिक बाहेर काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मगच काढून वाचावी. पहिल्या वेळी काढलेल्या डिपस्टिकवर ऑइल वरपर्यंत फासलेले असते व त्यावरून काहीच कळत नाही. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. वरच्या खुणेच्या पुढे ऑइल भरणेही वाईटच, कारण फिरणारा क्रँकशाफ्ट ते घुसळतो, त्यात फेस होतो आणि फेसाळलेले ऑइल भागांना नीट वंगण देऊ शकत नाही. ऑइल काळपट असणे नेहमीचेच असते, पण ते दुधाळ, कॉफीसारखे दिसले तर त्यात कूलंट मिसळत असल्याची शंका घ्यावी आणि गाडी न चालवता मेकॅनिकला दाखवावी. फक्त ऑइल भरण्याच्या झाकणाला आतून थोडी मलईसारखी साय दिसणे मात्र सतत जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत केवळ बाष्पामुळेही घडते.

कूलंटची पातळी त्याच्या पारदर्शक टाकीवरील खुणांवरून बाहेरूनच दिसते. इंजिन गरम असताना झाकण कदापि उघडू नये. आतला द्रव दाबाखाली असल्यामुळे तो १०० अंशांच्या वर तापूनही उकळलेला नसतो. झाकण सैल होताच दाब उतरतो, तो एकदम उकळून उसळतो आणि तोंड, हात गंभीरपणे भाजतात. वारंवार साधे पाणी ओतत राहिल्यास कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये पातळ होतात, म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच कूलंट सांगितलेल्या प्रमाणात वापरावे.

ब्रेक ऑइलविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. डॉट ३ व डॉट ४ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या जाती हवेतील ओलावा शोषून घेतात. डॉट ४ जातीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या स्थितीत हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक सतत दाबले गेले की तेथील उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते, त्यातील पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पाय खोल जातो पण ब्रेक लागत नाहीत. म्हणून पातळी भरलेली दिसत असली, तरी साधारण दोन वर्षांनी किंवा पुस्तिकेत दिलेल्या मुदतीने हे ऑइल बदलावे. पातळी उतरल्यास नुसती भर घालून गप्प बसू नये. पॅड झिजले आहेत का आणि कोठे गळती आहे का, हे आधी शोधावे.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी किंवा हिरवट भुकटी जमली असेल तर ती कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने स्वच्छ करावी. जोड सोडवताना ऋण टोक आधी सोडवावे आणि जोडताना शेवटी जोडावे. व्होल्टमीटर असेल, तर काही तास उभ्या असलेल्या गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. फॅनबेल्टला भेगा, सुटलेले धागे किंवा चकाकी आली आहे का ते पाहावे. टायमिंग बेल्ट (इंजिनातील व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) झाकलेला असल्यामुळे तो डोळ्यांनी तपासण्याच्या भानगडीत न पडता वर्षे व किलोमीटर यांच्या हिशेबानेच बदलावा. पुष्कळ इंजिनांत तो तुटल्यास पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून इंजिन निकामी होते.

बसल्या जागेवरून

इंजिन बंद असताना ब्रेकचे पेडल चार-पाच वेळा दाबून ते कडक होऊ द्यावे, पाय तसाच दाबून धरावा आणि इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, काम करतो आहे. तसे न होणे, पेडल मऊ लागणे किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत राहणे, यांपैकी काहीही आढळल्यास गाडी दुरुस्तीलाच न्यावी. चाकातून धातूवर धातू घासल्याचा आवाज येत असेल तर पॅडचा थर संपलेला असतो. ती वेळ येऊ न देता, थर सुमारे ३ मिलिमीटर उरल्यावरच पॅड बदलावेत.

चावी फिरवली की डॅशबोर्डवरील इशाऱ्याचे दिवे लागतात आणि काही सेकंदांत विझतात. एअरबॅग किंवा एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागून राहिला तर दोष आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण तो मुळीच लागला नाही तरीही दोषच आहे, आणि जुनी गाडी विकत घेताना तर हे न चुकता पाहावे. चालत्या गाडीत ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागल्यास सुरक्षित जागी थांबून इंजिन ताबडतोब बंद करावे. प्रत्येक सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या कडा उसवल्या आहेत का ते पाहावे आणि एक झटका देऊन तो अडकतो याची खात्री करावी. दिवे तपासताना ब्रेक लाइटसाठी कोणी मदतीला नसेल, तर गाडी भिंतीला पाठ करून उभी करावी आणि उजेड आरशात पाहावा. इंडिकेटर नेहमीपेक्षा घाईने लुकलुकत असेल तर बहुधा एक बल्ब गेलेला असतो.

गळती शोधण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा पसरून ठेवणे. सकाळी त्यावरील डागाची जागा व रंग पाहावा. काळसर तपकिरी डाग इंजिन ऑइलचा, लालसर डाग बहुधा गिअरबॉक्सच्या किंवा पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी व गोडसर वासाचा डाग कूलंटचा, आणि चाकाजवळचा फिकट, निसरडा डाग ब्रेक ऑइलचा असू शकतो. एसी वापरल्यानंतर पडलेले स्वच्छ पाणी निरुपद्रवी असते. खाली काय आहे ते पाहण्यासाठी मात्र केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक घसरून माणसे दगावतात. गाडी भक्कम स्टँडवर टेकवल्याशिवाय आणि चाकांना अडसर लावल्याशिवाय अंगाचा कोणताही भाग तिच्याखाली नेऊ नये.

ठरावीक मुदतीची सुरक्षा तपासणी

अशा सक्तीच्या तपासणीची पद्धत देशोदेशी वेगळी आहे. ब्रिटनमध्ये ती १९६० साली सुरू झाली तेव्हा दहा वर्षांहून जुन्या गाड्यांपुरतीच होती. १९६७ पासून ती तीन वर्षांच्या गाड्यांना लागू झाली. जर्मनी व जपानमध्ये नव्या खासगी गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी होते. तपशील वेगळे असले तरी पाहण्याच्या गोष्टी बऱ्याच सारख्या आहेत : रोलरवर प्रत्येक चाकाचे ब्रेक किती जोर लावतात आणि डाव्या-उजव्या बाजूंत किती फरक आहे, हेडलाइटचा झोत कोठे पडतो, धुरातील प्रदूषक किती, स्टिअरिंग व सस्पेन्शनच्या सांध्यांत ढिलेपणा आहे का, आणि भार पेलणाऱ्या पत्र्याला गंजाने खाल्ले आहे का. इंजिन, क्लच व गिअरबॉक्स यांची आतली अवस्था सहसा तपासली जात नाही, उदाहरणार्थ ब्रिटनच्या तपासणीत ती येतच नाही, हे ध्यानात ठेवावे. प्रमाणपत्र मिळाले म्हणून सर्व्हिसिंग पुढे ढकलणे त्यामुळे चुकीचे ठरते.

मुदत संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधी तपासणीला जावे, म्हणजे काही निघाल्यास दुरुस्तीला वेळ मिळतो. इंजिन चांगले तापलेले असावे, कारण धुरातील प्रदूषक कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम झाल्यावरच नीट काम करतो. इशाऱ्याचा दिवा विझवण्यासाठी आदल्या दिवशी गाडीच्या संगणकातील दोषांची नोंद पुसून जाऊ नये. त्याबरोबर गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांची नोंदही पुसली जाते, त्या पूर्ण व्हायला बरेच चालवावे लागते, आणि जेथे निरीक्षक हा संगणक वाचतात तेथे गाडी परत पाठवली जाऊ शकते.

तपासणी झाल्यावर नुसते उत्तीर्ण झाल्याचे पान घेऊन निघू नये. लक्ष ठेवण्याजोग्या म्हणून नोंदवलेल्या बाबी आणि मोजलेले आकडे, विशेषतः प्रत्येक चाकाच्या ब्रेकचा जोर व नक्षीची खोली, मागून घ्यावेत आणि त्याच दिवशी वहीत उतरवावेत. पुढच्या खेपेला पुढच्या दोन चाकांमधील फरक मर्यादेतच पण आधीपेक्षा वाढलेला आढळला, तर कमी जोर असलेल्या बाजूचे कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) अडकू लागले आहे का, ते मेकॅनिकला चाक उतरवून पाहायला सांगावे.