समुद्र न पाहता मरीन मायक्रोबायोलॉजी: सुरुवात कुठून करावी

मेहकर-लोणारकडची बीएस्सी मायक्रोबायोलॉजीची मुलं विचारतात, "ताई, समुद्र कधी पाहिला नाही, एमएस्सीला मरीन घेऊ का?" घ्या की. मी प्रकाश वापरणाऱ्या समुद्री जिवाणूंवर काम करते, तेव्हा त्याच वाटेबद्दल सांगते.

प्रकाश म्हटला की हरितद्रव्य, हे बारावीपासून डोक्यात बसलेलं असतं. ते जरा बाजूला ठेवा. २००० साली कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरातल्या जिवाणूंच्या डीएनएत प्रोटिओऱ्होडॉप्सिनचं जनुक सापडलं. हे पेशीपटलात बसलेलं प्रथिन. त्याला रेटिनल हे प्रकाश शोषणारं द्रव्य चिकटलेलं असतं, आपल्या डोळ्यांत असतं तेच. उजेड पडला की हे प्रथिन प्रोटॉन पेशीबाहेर ढकलतं आणि ते प्रोटॉन परत आत शिरताना एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं नाणं, तयार होतो. कार्बन मात्र यातून मिळत नाही. सोलर पंप उन्हावर चालतो म्हणून खत टाकायचं सुटत नाही, तसंच हे.

मग फायदा कधी? उपासमारीत. अंदमान समुद्रातल्या व्हिब्रिओ नावाच्या एका जिवाणूवरचा २०१० चा प्रयोग जरूर वाचा. अन्न नसलेल्या समुद्राच्या पाण्यात उजेडातल्या पेशी अंधारातल्यांपेक्षा जास्त टिकल्या. प्रोटिओऱ्होडॉप्सिनचं जनुक काढून टाकल्यावर फायदा गेला, परत घातल्यावर आला. नवख्यानं प्रयोगाची मांडणी शिकावी ती इथून. भरपूर पोषक माध्यमात वाढवलेल्या जिवाणूंना उजेड दाखवून "काहीच फरक नाही" असं लिहिणारे प्रकल्प मी पुष्कळ पाहिलेत. पोटभर जेवलेल्याला कशाला हवा उजेड?

तयारीसाठी समुद्र लागत नाही. केमिऑस्मोसिस, म्हणजे प्रोटॉन आत शिरताना एटीपी कसा बनतो ते, पक्कं करा. नेट परीक्षेच्या लाइफ सायन्सेसलाही ते लागतंच. लोणार तर उशाशी आहे. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं ते क्षारप्रेमी आर्कियांमुळे (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटाचे सूक्ष्मजीव), आणि याच गटातल्या हॅलोबॅक्टेरियममध्ये १९७१ साली असं रेटिनलवालं पहिलं प्रथिन सापडलं होतं. (गुलाबी रंग मुख्यतः कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांचा. तो या प्रथिनाचा म्हणून सांगाल तर तोंडी परीक्षेत अडकाल.) नमुना घ्यायचा तर वनविभागाची परवानगी आधी काढा, ते अभयारण्य आहे.

पुढे गोवा विद्यापीठ आहे, दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. इंग्रजीची धास्ती पहिल्या सत्रात जाते, त्यावर जास्त लिहीत नाही.

प्रयोगशाळा निवडताना एवढं मात्र बघा: उजेडातल्या आणि फॉइल गुंडाळलेल्या बाटल्या एकाच पाण्याच्या टाकीत ठेवतात का. दिव्यानं पाणी एखाद-दोन अंशांनी तापलं, तर वाढ उजेडामुळे झाली की उष्णतेमुळे, हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्याकडे दोन्ही बाटल्यांच्या तापमानाची नोंद वहीत नसेल तर गाईड आलेख बघायलाही घेत नाहीत.