क्रूडमध्ये पाणी किती, एवढंच विचारता? पाइपलाइनवरच्या या चुका टाळा

क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा नमुना घेतला, बाटली टेबलावर ठेवली, तळाला बसलेलं पाणी मोजलं आणि वहीत टाकलं: पाणी ५ टक्के. नवखा असताना मीही हेच केलं होतं. वरिष्ठांनी त्याच नमुन्यात डिमल्सिफायरचे, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं करणाऱ्या रसायनाचे थेंब टाकले, तो गरम करून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला आणि निमुळती काचनळी माझ्यापुढे धरली. खाली स्वच्छ पाणी, वर काळं तेल, मधे चॉकलेटी रंगाचा थोडा गाळ. पाणी भरलं २२ टक्के.

बाटलीत खाली बसतं ते फक्त सुटं पाणी. बाकीचं बारीक थेंब होऊन तेलात अडकलेलं असतं. क्रूडमधले अस्फाल्टीन, म्हणजे डांबरासारखे जड घटक, त्या थेंबांभोवती सालीसारखे चिकटतात, त्यामुळे थेंब एकमेकांवर आदळले तरी एक होत नाहीत. हेच इमल्शन. चोकमधून (विहिरीचा प्रवाह आवळणारी झडप) किंवा पंपातून जाताना ते आणखी घुसळलं जातं.

दुसरी चूक हिशेबाची, आणि ती अनुभवी माणसंही करतात. तेल दाट, पाणी पातळ, म्हणजे पाणी वाढलं की मिश्रण पातळ होणार, असं गृहीत धरतात. होतं उलट. तेलात पाण्याचे थेंब जितके वाढतील तितकं मिश्रण घट्ट होत जातं, निव्वळ तेलाच्या कित्येक पट. मग एका टप्प्यावर बाजी पलटते: पाणी बाहेर आणि तेल थेंबात. त्या क्षणी दाटपणा धाडकन उतरतो. घरी साय घुसळणाऱ्याला हे सांगायला नको. सायीत पाण्यात स्निग्धाचे कण असतात, लोण्यात स्निग्धात पाण्याचे. लोणी येण्याआधी रवी कशी जड होते, आठवा. पाइपलाइनमध्ये पलटी उलट्या दिशेने होते, एवढाच फरक. हा टप्पा किती टक्क्यांवर येईल, ते त्या त्या क्रूडवर अवलंबून. दुसऱ्या फील्डचा आकडा उसना घेऊ नका, आपल्याच तेलाची चाचणी करा.

लाइनचा दाब चढला की आपल्याकडे पहिला संशय मेणावर. त्यात चूक नाही. मुंबई हायचं तेल हलकं असलं तरी मेणयुक्त आहे, साधारण ३० अंशांच्या आसपास थिजू लागतं, आणि उरणपर्यंत येतं ते समुद्रतळावरच्या लाइनमधून. पण मेण हळूहळू बसतं, दाब दिवसेंदिवस चढतो. नवी विहीर जोडली, चोक बदलला किंवा डिमल्सिफायरचा पंप बंद पडला आणि काही तासांतच दाब उसळला, तर आधी इमल्शन तपासा. अशा वेळी डोस दुप्पट करायचा मोह होतो. आवरा. जास्त डोसने कधीकधी इमल्शन उलट टिकाऊ होतं. रसायन चोकच्या आधीच सोडलं जातंय का, ते बघा, म्हणजे घुसळण आपल्याच कामी येते.

आता पाणी कमी असलेल्या लाइनबद्दल, कारण बेसावधपणा तिथेच होतो. अलास्कातल्या प्रुधो बे इथे २ मार्च २००६ रोजी ३४ इंची लाइनची गळती सापडली. साधारण ८ लाख लिटर तेल बर्फाळ जमिनीवर गेलं होतं, आणि कळलं ते तिथून जाणाऱ्या कर्मचाऱ्याला वास आला म्हणून. भोक बदामाएवढं. गंमत म्हणजे त्या लाइनमध्ये पाणी काढून घेतलेलं तेल होतं. पण उत्पादन घटलं होतं आणि पाइप तोच राहिला होता, त्यामुळे तेल संथ चालायचं. संथ प्रवाहात उरलंसुरलं पाणी आणि गाळ तळाशी, सखल भागात साचतो. त्याखाली जिवाणू वाढतात, लोखंड आतून खातात. त्या लाइनमध्ये १९९८ नंतर साफसफाईचा पिगच (पाइपमधून ढकलत नेऊन आतला गाळ काढणारं साधन) फिरवला गेला नव्हता.

म्हणून वॉटर कटच्या, म्हणजे पाण्याच्या टक्केवारीच्या शेजारी प्रवाहाचा वेगही लिहा. उत्पादन उतरलं की वेगाचा हिशेब पुन्हा मांडा आणि लाइनचा उंच-सखल नकाशा काढून खळग्यांवर खूण करा. पिग बाहेर आला की त्याच्यापुढे आलेला माल लगेच धुवून टाकू नका. बादलीत घ्या, बघा: वाळू आहे, मेण आहे की काळं, वास मारणारं पाणी. तसलं पाणी असेल तर त्याच दिवशी जिवाणू आणि लोहाच्या तपासणीला पाठवा.